हरकती व सूचना

‘हरकत’ हा शब्द मूळचा अरबी. उत्तरेकडील भाषांत त्याचा अर्थ हालचाल असा होतो, क्वचित खोडी असाही होतो. मराठीत मात्र तो आक्षेप किंवा अडथळा ह्या अर्थी स्थिरावला. चालणे आणि अडविणे हे परस्परविरुद्ध अर्थ एकाच शब्दाच्या पोटी यावे, हे भाषेच्या इतिहासात नवल नव्हे. परंतु नगररचनेच्या कायद्यात सामान्य रहिवाशाच्या वाट्यास नेमका हाच शब्द आला, ही गोष्ट आम्हांस चिंतनीय वाटते. शहर कोणत्या अंगाने वाढावे, रस्ता कोणाच्या अंगणातून जावा, स्टेशनाजवळच्या जुन्या चाळी पाडून तेथे किती मजल्यांची घरे उठवावी, ह्या गोष्टींचा विचार तज्ज्ञ करतात, निर्णय अधिकारी देतात आणि हिशेब जमिनीचे धनी मांडतात. जो मनुष्य तेथे नुसता राहतो त्याने ह्या व्यवहारात बोलावयाचे ते ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ ह्या एका वाक्याच्या आधारावर.

मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या सुधारित विकास योजनेचा मसुदा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हे वाक्य तेथील आठ लाखांवर वस्तीस उद्देशून पुन्हा एकदा उच्चारले गेले. घरे बांधण्यापूर्वी गावास विचारण्याची ही रीत आपल्याकडे कोठून आली, ती कोणास विचारते आणि केव्हा विचारते, ह्याचा मागोवा त्या एका शहराच्या निमित्ताने घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

मराठेशाहीतील कागद चाळणाऱ्यांस ‘महजर’ परिचित आहे. गावाच्या शिवेचा किंवा वतनाचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, चौगुला, बलुते, आसपासच्या गावचे वतनदार अशी मंडळी जमत, साक्षी होत, आणि जे ठरले त्याचा कागद सर्वांच्या समक्ष लिहिला जाई. ज्यास अक्षर येत नसे त्याने निशाणी करावयाची. पाटलाने नांगर काढावा, बलुतेदाराने आपल्या धंद्याचे हत्यार काढावे. भारत इतिहास संशोधक मंडळाने व राजवाड्यांसारख्या संशोधकांनी हे कागद उजेडात आणले, आणि तेव्हापासून आमच्यातील कित्येकांस त्यात पंचायती लोकशाहीचे मूळ दिसू लागले. ते दिसावे हे स्वाभाविक आहे. पेशव्यांच्या काळी पुण्यात नव्या पेठा वसल्या तेव्हा शेटे-महाजनांस सनदा मिळत, बाहेरून येऊन राहणाऱ्या वाण्या-उदम्यांस कौल दिला जाई, काही वर्षे पट्टी माफ होई. कौल ह्या शब्दाची गंमत अशी की, सरकारने दिलेले अभय तो कौल, देवाने दिलेली अनुज्ञा तो कौल, मतदारांनी दिलेला निकाल तोही कौल, आणि घरावर चढते तेही कौलच. वस्ती बोलावून वसवावयाची असल्यामुळे तिची मर्जी राखणे भाग होते. ज्यास अटी पटत नसत तो येत नसे, इतकेच.

तथापि ह्या चित्राचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. शिवेच्या निवाड्यात महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण गावाच्या हद्दी त्याच्याइतक्या कोणासच ठाऊक नसत. त्याच महाराचे घर गावकुसाबाहेर असावे हे मात्र कोणत्याही महजराने त्यास विचारून ठरविलेले नव्हते. शेताच्या सीमेबद्दल ज्याचा शब्द प्रमाण, त्याच्या स्वतःच्या घराच्या जागेबद्दल त्याचा शब्द ऐकण्याची सोय नाही. विचारावयाचे कोणास आणि कशाबद्दल, हा प्रश्न तेव्हापासूनच वेगवेगळा ठेवलेला आहे.

आता मिरा-भाईंदरच्या भूमीकडे वळू. साष्टी बेटाच्या वायव्य कोपऱ्यात, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर हा मुलूख पसरला आहे. पश्चिमेकडील उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वे ही गावे आणि त्यांच्या शेजारची गोराई व मनोरी मिळून जुने धारावी बेट होते. मुंबईतील प्रसिद्ध धारावीशी त्याचा संबंध नाही, नावाचे साम्य तेवढे आहे. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत ह्या बेटासाठी मराठे व फिरंगी हट्टाने झगडले, कारण येथून खाडीचे तोंड आटोक्यात राही. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. भात, मासळी आणि मीठ ह्या तिहींवर येथील आगरी, कोळी व ख्रिस्ती वस्ती जगत आली. भरतीचे पाणी आत घेऊन मीठ पिकवावयाचे आणि तेच पाणी बाहेर थोपवून भात पिकवावयाचे, असा येथील बांधबंदिस्तीचा दुहेरी संसार होता.

ह्या बांधबंदिस्तीच्याच कारणाने १८७० साली इंग्रज सरकारने येथील मोठा प्रदेश रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थास ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिला. खाऱ्या पाण्यापासून शेते राखावी, त्याबद्दल हक्क भोगावा, असा तो व्यवहार. करार सरकार व पट्टेदार ह्या दोघांतला. जमीन कसणारी कुळे त्यात विषय म्हणून आली, पक्षकार म्हणून नव्हे. नऊशे नव्याण्णव वर्षे हा शब्द तेव्हा लिहिणाऱ्यास अनंतकाळासारखा वाटला असेल. परंतु अवघ्या दीडशे वर्षांनी, जेथे भाताची खाचरे होती तेथे सात मजली इमारती जुन्या होऊन मोडकळीस आल्या, आणि त्या पुन्हा बांधू पाहणाऱ्या गृहनिर्माण संस्थांपुढे त्याच पट्ट्यापासून हक्क सांगणाऱ्या खाजगी कंपनीची संमती घ्यावयाची की नाही, असा वाद उभा राहिला. कुळांना न विचारता झालेला करार कुळांच्या नव्हे, तर पुढे येऊन राहिलेल्या परक्यांच्या दारात येऊन उभा राहिला, ही इतिहासाची चाल खचित विलक्षण आहे.

शहरसुधारणेचा आधुनिक अध्याय मुंबईत प्लेगाने उघडला. १८९६ ची साथ आली, आणि १८९८ च्या कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून समुद्राचा वारा आत घ्यावयाचा हे त्याचे ध्येय. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महमदअली रोड हे रस्ते त्याचेच. ध्येय वाईट होते असे कोण म्हणेल? परंतु पाडलेल्या खोल्यांची संख्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक भरली, आणि ज्यांच्या खोल्या गेल्या ती गरीब मंडळी शेजारच्या वाड्यात अधिकच दाटीने राहू लागली. नोटिसा मालकांस जात, भरपाई मालकांस मिळे, दाद मालकांस मागता येई. भाडेकरूस बिऱ्हाड हलवावयाची मुदत मिळे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तर जमीनधन्याचीही हरकत ऐकण्याची तरतूद मुळात नव्हती; ती ‘पाच अ’ ह्या कलमाने १९२३ साली आली. त्याच सुमारास मुळशीचे मावळे धरणाखाली जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह करीत होते, हे वाचकांस आठवेल.

नगररचनेचा स्वतंत्र कायदा हिंदुस्थानात प्रथम मुंबई इलाख्यात, १९१५ साली झाला. वाढत्या शहराच्या कडेची शेते एकत्र करावयाची, रस्त्यांस जागा काढून उरलेल्या भूमीचे नवे भूखंड पाडावयाचे आणि ते त्याच मालकांस परत वाटून द्यावयाचे, अशी त्याची युक्ती. मालकाची हरकत ऐकून लवादाने निवाडा द्यावयाचा. ही पद्धत आम्हांस बरीच न्याय्य वाटते. तीत निदान समोरासमोर बोलणे होते. मात्र येथेही बोलणारा तो सातबाऱ्यावर नाव असणाराच.

त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान मुंबई इलाख्यातील शहरे पाहत हिंडत होता, आणि त्यात ठाणेही होते. मुळात हा वनस्पतिशास्त्रज्ञ. झाड उपटून पाहण्यापूर्वी ते कोणत्या मातीत वाढले ते पाहावे, ही त्याची सवय त्याने शहरांस लावली. इंजिनिअर नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढी. गेडिस पहाटेपासून गल्ल्यांतून पायी फिरे, कोणत्या घराची ओसरी लोकांस बसावयास उपयोगी पडते, कोणत्या पिंपळाखाली बायका थांबतात, कोणते तळे बुजविले तर विहिरी आटतील हे टिपून ठेवी. औषधापूर्वी निदान, आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर अंग राखून करावी, असा त्याचा आग्रह. दहा घरे पाडून होणारे काम दोन पडकी घरे काढून होत असेल तर आठ संसार का उठवावे, एवढाच त्याचा प्रश्न असे, आणि पुष्कळ अधिकाऱ्यांस त्याचे उत्तर देता येत नसे.

इंदूरचा प्रसंग ह्याहून बोधप्रद आहे. होळकरांच्या दरबाराने त्यास बोलाविले तेव्हा शहरात प्लेगाचे भय होते, आणि लोक ह्या परक्या साहेबास घरे पाडणारा म्हणून शिव्या देत होते. गेडिसने महाराजांकडून एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि दिवाळीच्या सणास मिरवणूक काढण्याचे ठरविले. त्याने अट एकच घातली. मिरवणूक दरसालच्या ठराविक मार्गाने न जाता, ज्या आळीत अधिकाधिक घरे झाडून, सारवून, दुरुस्त करून ठेवलेली आढळतील त्या आळीतून जाईल. मग काय विचारता! आळीआळीत चढाओढ लागली, वर्षानुवर्षांचा केर गाड्यांनी बाहेर पडला. मिरवणुकीत देवादिकांची सोंगे होती, कारागिरांचे चित्ररथ होते, आणि सफाईकामगार स्वच्छ वस्त्रे लेवून मानाने चालत होते. शेवटी प्लेगाच्या राक्षसाचा पुतळा जाळला. १९१८ साली दरबारास सादर झालेला गेडिसचा इंदूरवरील दोन भागांचा अहवाल नगररचनेचे अभ्यासक अजून वाचतात. त्या दिवाळीत कोणी लेखी हरकत दिली नाही की सूचना पाठविली नाही. तरी सारे शहर आपल्या घरांविषयी काय म्हणते ते नकाशा काढण्यापूर्वी एका माणसास कळले होते. ही रीत पुढे कोणत्याही कायद्यात उतरली नाही, कारण ती कलमांत मांडण्याजोगी नव्हती, आणि सर्वच अधिकारी गेडिस नसतात.

कायद्यात उतरली ती दुसरी रीत. १९५४ च्या मुंबई कायद्याने साऱ्या शहराची विकास योजना करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले; त्याची जागा पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घेतली. त्याची वाट अशी आहे. प्रथम भूमीची पाहणी होते. मग मसुदा व नकाशे तयार होतात. ते राजपत्रात प्रसिद्ध झाले म्हणजे हरकतींची मुदत सुरू होते; मिरा-भाईंदरसारख्या शहरास ती तीस दिवसांची, बृहन्मुंबईस साठ दिवसांची. नंतर नियोजन समिती बसते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नेमलेले चारपर्यंत जाणकार असावयाचे. ज्याने आपणांस समक्ष ऐकावे असे लिहिले असेल त्यास ह्या समितीने ऐकावे. समितीचा अहवाल संस्थेकडे, संस्थेचा ठराव सरकारकडे, आणि मंजुरी सरकारची.

ह्यात रहिवाशाचा प्रवेश कोठे होतो ते पाहावे. पाहणी झाली, नकाशा झाला, रंग भरले, शाळेस पिवळी जागा की दवाखान्यास हे ठरले, आणि मग रहिवासी बोलाविला गेला. लग्नाच्या सर्व याद्या झाल्यावर वधूस पसंती विचारावी तसा हा प्रकार आहे. शिवाय नकाशा वाचावयाचा कसा? सर्व्हे नंबर, आरक्षण, ना-विकास क्षेत्र, चटईक्षेत्र निर्देशांक ही परिभाषा सुशिक्षितासही धड उमगत नाही. आपले घर त्या कागदावर नेमके कोठे आहे हे शोधण्यातच तीस दिवसांपैकी निम्मे जातात. म्हणून हरकती येतात त्या बहुतेक ज्याच्या घरावरून रस्त्याची रेघ गेली आहे त्याच्या; गावास शाळा किती हव्या, चालत जाण्याजोगे मैदान किती दूर असावे, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांस मध्यवस्तीत जागा उरेल काय, ह्या प्रश्नांचा वाली कोणी होत नाही.

मिरा-भाईंदरला तर ही रीतही फार उशिरा पोचली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने शहरांतील जादा जमीन सरकारजमा व्हावयाची होती. परंतु दुर्बल वर्गांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर सूट मिळू शके. ह्या वाटेने मिरा रोडच्या परिसरात हजारो सदनिकांच्या वसाहतीची योजना आली. अशा वसाहतीविषयी विचारावयाचे कोणास? शेजारच्या खेड्यातील आगऱ्यास ते घर घ्यावयाचे नव्हते. आणि ज्यास घ्यावयाचे होते तो तेव्हा गिरगावात, परळात किंवा दादरास दहा बाय बाराच्या खोलीत राहत होता. उद्याचा रहिवासी आज कोठेच रहिवासी नसतो, ही नगररचनेच्या सल्लामसलतीतील सर्वांत अवघड गाठ आहे, आणि कोणत्याही देशाच्या कायद्यास ती नीट सोडविता आलेली नाही. नोंदणी करून पैसे भरल्यावर घराचा भाव वाढविण्याचा तंटा उपस्थित झाला, तेव्हा ह्या भावी रहिवाशांस बोलावयास जागा राहिली ती न्यायालयाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी १९९० मध्ये ‘शांतिस्टार बिल्डर्स’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल लागला. पशूस आसरा लागतो तो केवळ शरीररक्षणापुरता, मनुष्यास मात्र शरीर, मन व बुद्धी ह्या सर्वांच्या वाढीस पुरेल असे घर लागते, आणि घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्कात त्याचा अंतर्भाव होतो, असे प्रतिपादन त्यात आहे. देशभर निवाऱ्याच्या हक्काची चर्चा निघाली की हा निकाल पुढे येतो; तो मिरा रोडच्या घरांवरून निघाला हे त्या शहरातील थोड्यांसच ठाऊक असावे.

येथील स्थानिक कारभार तोवर ग्रामपंचायतींचा होता. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली. १९९० मध्ये उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे व चेणे-वरसावे ही गावे तीत आली. फेब्रुवारी २००२ मध्ये महानगरपालिका झाली. पहिली विकास योजना १४ मे १९९७ रोजी मंजूर झाली, आणि वगळलेल्या भागास मंजुरी मिळावयास ऑगस्ट २००० उजाडला. १९९१ च्या गणतीत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. म्हणजे योजना मंजूर झाली ती शहर धावत सुटल्यावर. ग्रामपंचायतीच्या परवान्यांवर उठलेल्या इमारतींत कुटुंबे केव्हाच नांदू लागली होती, आणि आरक्षणाच्या रंगाखाली पुष्कळ ठिकाणी संसार थाटले गेले होते.

खाडीपलीकडे ह्याच काळात निराळी कथा घडत होती. वसई-विरारसाठी १९९० साली सिडकोस नियोजन प्राधिकरण नेमले गेले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. केळीच्या व फुलांच्या वाड्या, बावखले, विहिरींचे गोडे पाणी हे सारे त्या लोकांच्या डोळ्यांसमोर होते. काय गमावावयाचे आहे ते त्यांस मोजून सांगता येत होते. हरकतींचे गठ्ठे गेले, मोर्चे निघाले, आणि विकास योजनेस मंजुरी मिळता मिळता २००७ साल उजाडले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आमच्या वाचकांनी दिब्रिटो यांस ओळखले असेल. परंतु ‘सुवार्ता’ मासिकाच्या ह्या संपादकाने नकाशाची भाषा लोकांच्या भाषेत उतरविण्याचे जे काम केले, ते आमच्या मते कोणत्याही भाषणाहून कमी वाङ्मयीन नव्हे. खाडीच्या अलीकडे, धारावी बेटावरही विशेष आर्थिक क्षेत्राचा बेत आला तेव्हा उत्तन-गोराईच्या गावकऱ्यांनी तो मोडून काढला. पण भाईंदर व मिरा रोडच्या नव्या वसाहतींत अशी चळवळ निपजली नाही. तेथील मनुष्य पहाटेच्या गाडीने मुंबईस जाई व रात्री परते. शेजारी गुजराती, वरचा मजला कोकणी, समोरचा उत्तर हिंदुस्थानी. ना एक देऊळ, ना एक मासिक, ना एक आठवण. त्यास हरकत नव्हती असे नव्हे, ती लिहावयास सवड नव्हती.

मोठ्या शहरांत मात्र हरकतींचा पूर आला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या योजनेवर २०१३ साली ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. नियोजन समितीत दुफळी होऊन दोन निरनिराळे अहवाल झाले, २०१५ साली सरकारने योजना स्वतःकडे घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती मंजूर केली. मुंबईचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रार्थनास्थळांवरून रस्ते गेलेले, गावठाणे व कोळीवाडे हरविलेले! पन्नास हजारांवर हरकती आल्या आणि दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेववून नव्याने करावयास लाविला. अंतिम मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. मसुदा इंग्रजीत होता, म्हणून मराठी प्रतीची मागणी करावी लागली. महाराष्ट्राच्या राजधानीत आपल्या घराचे काय होणार हे मराठीत वाचावयास मिळावे म्हणून आर्जव करावे लागते, ह्यावर अधिक काय लिहावे?

इतक्या अनुभवानंतर मिरा-भाईंदरचा २०२२ चा मसुदा आला, तो अशा वेळी की महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. सभासदांची मुदत ऑगस्टमध्ये संपली होती, निवडणुका झाल्या नव्हत्या, कारभार प्रशासकाच्या हाती होता. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सभासद असावे हे कलम कशासाठी होते? वॉर्डातील मनुष्याने ज्यास मत दिले त्याने त्याची हरकत ऐकावी ह्यासाठी. सभागृह नसता हरकतीचा कागद एका अधिकाऱ्याच्या टेबलावरून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो, आणि मध्ये ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा असा कोणी उरत नाही. २००९ साली महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली होती. थोड्या मतदान केंद्रांपुरत्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाचा विचार करावा, अशी ती गोतसभेसारखीच कल्पना. पण ती कागदावरून खाली उतरलीच नाही.

हरकतीस यश आले म्हणजे काय होते, ह्याचाही एक नमुना ह्याच शहरात पाहावयास मिळतो. मेट्रोच्या गाड्यांचे आगार राई-मुर्धे-मोर्वे येथे होणार असे ठरले, तेव्हा तेथील गावकऱ्यांनी आपल्या घरांसाठी व शेतांसाठी कसून विरोध केला. सरकारने ते ऐकले आणि आगार डोंगरीस हलविले. मग डोंगरी-उत्तनच्या लोकांनी दहा हजारांहून अधिक झाडे तुटणार म्हणून विरोध आरंभिला. पहिल्या गावाचे बोलणे खोटे नव्हते, दुसऱ्याचेही नाही. एकेका गावास निरनिराळे विचारले, की प्रत्येक जण पेच शेजाऱ्याकडे सरकवितो. धारावी बेटाची सारी गावे एका ठिकाणी बसवून सर्व जागांचा ताळमेळ त्यांच्यापुढे मांडला असता तर काय झाले असते, हा प्रश्न ह्या हरकतींच्या पद्धतीत विचारताच येत नाही.

आता प्रश्न नव्या भूमीचा राहिला नाही. भाईंदर स्टेशनाच्या दोन्ही अंगांस आणि मिरा रोडच्या जुन्या वसाहतींत चाळीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली घरे गळू लागली आहेत, आणि शहराच्या मध्यवस्तीत उभी राहावयाची नवी घरे म्हणजे ह्याच घरांच्या जागी उंच इमारती. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीने पुष्कळ इमारती एकत्र घेऊन समूहाने पुनर्विकास करण्याची वाट दाखविली. शेजारच्या ठाण्यात अशीच योजना आली तेव्हा गावठाणांनी व कोळीवाड्यांनी आम्हांस ह्यातून वगळा म्हणून आवाज उठविला आणि तो मानला गेला. जुन्या गावास स्वतःची सीमा दाखविता येते. चाळीस वर्षांच्या इमारतीस ती सोय नाही.

ह्या नव्या प्रकरणात ‘हरकत’ मागे पडून ‘संमती’ हा शब्द पुढे आला आहे, आणि संमती टक्क्यांत मोजली जाते. १९६३ च्या सदनिका कायद्याने, एकदा दाखविलेला इमारतीचा नकाशा घरे घेणाऱ्यांच्या पूर्वसंमतीवाचून बदलू नये असा दंडक घातला होता. तेथे एकेका कुटुंबाच्या होकारास किंमत होती. २००९ साली सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी सरकारने निर्देश काढले, त्यांत तीन-चतुर्थांशांचे बहुमत मागितले. २०१९ साली ते एकावन्न टक्क्यांवर आले. मुंबईतील झोपडपट्टी योजनांतही सत्तर टक्क्यांची संमती २०१८ पासून एकावन्न टक्क्यांवर उतरली. एकदोघांच्या अडवणुकीमुळे शंभर कुटुंबे पडक्या जिन्याखाली जीव मुठीत धरून राहतात, हे कारण खरे आहे आणि आम्ही ते हलके लेखीत नाही. पण शंभरांपैकी एकोणपन्नास जण ‘नको’ म्हणत असता जे होते त्यास संमती म्हणावयास आमची लेखणी अडखळते. त्यास बहुमत म्हणावे. तो शब्द प्रामाणिक आहे.

२००९ च्या त्याच निर्देशांत एक तरतूद अशी आहे की, पुनर्विकासाचा निर्णय ज्या सभेत व्हावयाचा तिचे चित्रीकरण करावे. नांगराच्या निशाणीची जागा चलच्चित्राने घेतली, आणि ही सुधारणा चांगली आहे. कोणी काय म्हटले ते पुढे नाकारता येत नाही. मात्र ह्या चित्रात येतात ते संस्थेचे सभासद. मिरा रोड-भाईंदरच्या जुन्या इमारतींत अनेक घरांचे धनी दुसरीकडे राहावयास गेले आहेत आणि घरे भाड्याने दिलेली आहेत. ज्याची मुले शेजारच्या शाळेत जातात, ज्यास स्टेशनाची पायवाट व वाण्याची उधारी पाठ आहे, तो भाडेकरू सभेस बोलाविला जात नाही, मतास पात्र नाही, आणि इमारत पडल्यावर तात्पुरत्या जागेचे भाडे मिळते ते त्यास नव्हे, धन्यास. नवे घर उभे राहावयास तीन-चार वर्षे लागतात. त्याचा करार अकरा महिन्यांचा असतो.